कुलूपवाला

पुन्ता अरेनास. ऑक्टोबर. वारा असा
की नगरपालिकेची माणसं चौकात दोर बांधून गेलीत,
लोकांना धरून चालायला.
हत्यारांची पेटी पोटाशी कवटाळून
मी हेर्मिंदाबाईंच्या दाराशी पोचतो.
"कुलूप बदलायचंय."
कारण मी विचारत नाही. धंद्याचा नियम.

दोन वर्षांपूर्वी मीच इथे आलो होतो,
मागच्या खोलीला आतून कडी लावायला.
"नवरा घोरतो," म्हणाल्या होत्या तेव्हा.
चार स्क्रू. पैसे घेतले, निघालो.
तेव्हा काही बोलायला हवं होतं का मी?
कुलूपवाल्यानं? काय म्हणून?

आता जुनं कुलूप माझ्या मांडीवर उघडं पडलंय
आणि त्या उभ्या उभ्याच सांगतायत,
माझ्याकडे न बघता, किल्ल्यांच्या खुंटीला सांगावं तसं.
"हात उचलला नाही हो त्यानं कधी.
दुसरी बाई नाही. दारू बेताची.
एकदा माझ्या गाठीचा रिपोर्ट आला होता.
निघालं काही नाही त्यात, पण आला होता.
मी तो टेबलावर ठेवला, त्याच्या ताटाशेजारी.
त्यानं त्यावर मिठाची बरणी ठेवली
आणि जेवला.
मला वाटलं, आता विचारेल.
त्याला वाटलं असेल, सांगायचं तर सांगेल.
अकरा दिवस ती बरणी तिथंच होती."

नोल्बेर्तोला मी ओळखतो. बोटीवर इंजिन बघतो.
त्याचा बाप रागावला की गप्प बसायचा,
म्हणून गप्प बसणं म्हणजे आवरणं, सांभाळणं,
एवढंच तो शिकला.
हिची आई भांडली की दार आपटून
बहिणीकडे निघून जायची, आठवडा आठवडा.
तो गप्प झाला की हिच्या कानात
ते दार आपटायचं.
तो घर सांभाळत होता, ही घर सुटताना ऐकत होती,
एकाच टेबलाशी,
मधे मीठ.

नवं कुलूप बसलं. किल्ली जरा अडते.
बाई जोर करतात.
"जोर नको," मी म्हणतो, "मोडेल आत.
थोडी मागे घ्या. मग फिरवा."
हे वाक्य मी या गावात हजार दारांशी बोललोय.
त्या थोडी मागे घेतात. फिरते.
आणि मग, का कोण जाणे, रडू लागतात.
मी पेटी आवरत बसतो. पुन्हा पुन्हा तेच पाने मोजत.

परतताना चौकात दोर धरून चाललोय.
समोरून एक म्हातारा, तोही त्याच दोरावर.
कुणीतरी हात सोडायला हवा.
दोघंही सोडत नाही.
शेवटी तो माझ्या कोटाला धरतो, मी त्याच्या खांद्याला,
आणि असे, नाचावं तसे वेडेवाकडे,
एकमेकांना वळसा घालून आम्ही पार होतो.
दोर, म्हातारा ओरडतो, वारा सुटायच्या आधी बांधतात म्हणून बरं!
उरलेलं वाऱ्यानं नेलं.

घरी झ्देन्का बटाटे सोलतेय.
आमचा अबोला आज चौथ्या दिवसात.
कशावरून, ते मला नीट ठाऊक नाही,
आणि खरं तर तेच कारण असावं.
रिकाम्या खुर्चीपाशी उभा राहतो.
घसा आतून गंजलेला.
जोर करावासा वाटतो, म्हणजे म्हणावंसं वाटतं
की तुझंच चुकलं, की माझंही थोडं,
की किती दिवस चालायचं हे.
थोडी मागे घेतो.
"त्या दिवशी भावाबद्दल काहीतरी सांगत होतीस.
मी ऐकत नव्हतो. काय होतं ते?"

सुरी थांबते. पुन्हा चालू.
"आठवत नाही."

बाहेर पत्रा वाजतो. आत स्टोव्ह.
एक बटाटा. दुसरा.

"आधी बूट काढ," ती म्हणते.
मी काढतो. एकाची नाडी गाठ बसून राहिलीय,
खाली बसून सोडवत राहतो.
वरून, सुरीच्या आवाजातून, तिचा आवाज:
"आणि भाऊ नव्हे.
वहिनी. वहिनीबद्दल सांगत होते.
ऐकतोयस ना?"